पांदण आणि हमरस्ता
(नभोवाणीवरील भाषण)

वर्धा जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांत जो आषाढ-श्रावणांत जाऊन आला आहे, त्याला पांदण म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. दोहों बाजूंच्या धुऱ्यांमधून, बाभळी-बोरींच्या सांवलींतून जाणारी ती बैलबंडीची वाट उन्हाळ्यांत धुळीची आणि पावसाळ्यांत चिखलाची असते. या भागांतील काळी माती कापसाला जितकी मायाळू, तितकीच चाकाला निर्दय. पहिल्या पावसाबरोबर ती फुगते, चाकाच्या आऱ्यांना लपेटून बसते आणि बैलाच्या खुरांना सोडीत नाहीं. डांबरी सडक गांवापासून कोसभरहि दूर नसते. तिच्यावरून धांवणाऱ्या मोटारींचा आवाज घरांत ऐकूं येतो. परंतु अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून त्या सडकेपर्यंत पोंचवायचें म्हटलें म्हणजे तेवढें कोसभर अंतर अख्खी रात्र गिळून टाकतें.

आज मी आपणांस वर्धा जिल्ह्याच्या रस्त्यांची हकीकत सांगणार आहें. रस्त्यांची हकीकत म्हणजे लांबीरुंदीची जंत्री नव्हे. सरकार रस्ता बांधतें तेव्हां त्याच्या मनांत कांहीं एक हेतु असतो. गांव रस्ता मागतें तेव्हां त्याच्या मनांत बहुधा दुसराच हेतु असतो. हे दोन हेतु केव्हां जुळले, केव्हां जुळले नाहींत, आणि ते जुळावेत म्हणून सरकारी योजनांतून व कायद्यांतून गांवकऱ्यांच्या हातीं काय काय आलें, एवढेंच मला सांगावयाचें आहे. वर्धा जिल्हा निवडण्याचें कारण असें कीं, गेल्या दीडशें वर्षांत मोठ्या मार्गांची जी जी कल्पना देशांत निघाली, तिची एक तरी रेघ या लहानशा जिल्ह्यावरून ओढली गेली आहे. म्हणून मोठा मार्ग जवळ आला म्हणजे खेडें जवळ येतें कीं काय, हें पाहण्यास याच्याहून चांगली जागा मिळणें कठीण.

आगगाडीच्या पूर्वींचा काळ प्रथम पाहूं. त्या वेळीं माल नेण्याचीं साधनें दोन : बंजाऱ्यांचे तांडे आणि शेतकऱ्याची बंडी. बंजारी आपल्या शेंकडों बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य घेऊन जात आणि परततांना मीठ आणीत. या प्रांतांतला कापूस तेव्हां मुंबईकडे न जातां बराचसा उत्तरेस मिर्झापुरास जाई. तेथें गंगेंत नावेवर चढे आणि मग कलकत्त्याला पोंचे. हिंगणघाट ही त्या कापसाची नांवाजलेली पेठ. पण हा सर्व व्यापार दसऱ्यापासून मृगापर्यंतचा. मृगाचा पाऊस पडला कीं काळ्या जमिनींतल्या वाटा मिटत आणि गांवें आपापल्या जागीं बंद होऊन बसत. वर्षाचे आठ महिने जग आहे आणि चार महिने नाहीं, असाच तेथील हिशेब होता, आणि त्याचें कोणाला विशेष वाटतहि नसे. वाट राखणें हें गांवचें काम होतें. दिवाळीनंतर खांचखळगे भरावेत, ओढ्याची उतरंड साफ करावी, कीं झालें. सरकार नांवाची कोणी शक्ति येऊन आपली वाट बांधून देईल, हा विचारच गांवाच्या मनांत नव्हता.

ती शक्ति आली, पण ती गांवासाठीं आली नाहीं, कापसासाठीं आली. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्याच वर्षीं मध्य प्रांत अस्तित्वांत आला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८६२ सालीं, नागपुरांतून वेगळा काढून वर्धा हा निराळा जिल्हा करण्यांत आला. मध्य प्रांत व वऱ्हाड यांकरितां खास कापूस-कमिशनर नेमला गेला. जिल्ह्याचें ठाणें प्रथम पुलगांवजवळच्या कवठा येथें होतें. १८६६ सालीं तें पालकवाडी नांवाच्या खेड्याजवळ हलविण्यांत आलें, आणि नदीच्या नांवावरून त्या नव्या शहराचें नांव वर्धा असें पडलें. दुसऱ्याच वर्षीं, १८६७ सालीं, मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुलगांव-वर्ध्यावरून नागपुरास जाऊन पोंचली. मिर्झापूरकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाजारपेठांनीं आतां मुंबईकडे तोंड फिरविलें. जिल्हा आधीं आणि जिल्ह्याचें शहर मागून, असा हा उलटा जन्म आहे. आणि या शहराच्या बाळसें धरण्यांत आगगाडीचा हात फार मोठा आहे.

दहा वर्षांनीं दुसरा मार्ग आला. वरोऱ्यास कोळशाच्या खाणी निघाल्या होत्या. तो कोळसा आणण्यासाठीं सरकारनें स्वतःच्या खर्चानें वर्ध्यापासून हिंगणघाटवरून वरोऱ्यापर्यंत सुमारें ४५ मैलांचा लोहमार्ग बांधला. १८७७ सालीं तो वाहतुकीस पुरा झाला. त्याचें नांवच मुळीं वर्धा कोल स्टेट रेल्वे, म्हणजे वर्ध्याची सरकारी कोळसा-रेल्वे, असें होतें. हिंगणघाटसारख्या जुन्या पेठेला आगगाडी मिळाली, ती कापसाच्या पुण्याईनें खरी, पण तितकीच वरोऱ्याच्या कोळशाच्याहि पुण्याईनें. हाच मार्ग पुढें दक्षिणेकडे वाढत गेला आणि १९२९ सालीं बल्लारशा-काजीपेठ हा दुवा जुळल्यावर दिल्लीहून मद्रासकडे जाणारी थेट वाट झाली. अशा रीतीनें पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण या दोन्ही मोठ्या लोहमार्गांची गांठ वर्ध्याशीं पडली. भारताच्या नकाशावर याहून मोक्याचीं ठिकाणें थोडींच सांपडतील.

पण श्रोतेहो, आगगाडी गांवाला जात नाहीं. गांवाला आगगाडीकडे यावें लागतें. म्हणून लोहमार्गानंतर सडकांचें काम निघालें, तें स्टेशनाला केंद्र कल्पून. स्टेशनापासून बाजाराच्या गांवाला सडक, बाजारापासून तहशिलीच्या गांवाला सडक. ज्या खेड्यांतून ती सहज गेली तें सुदैवी, बाकीचीं आपल्या पांदणीवर. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भयंकर दुष्काळांत मध्य प्रांतांत खडी फोडणें आणि रस्त्यावर माती टाकणें हीं सरकारी दुष्काळी कामें निघालीं. म्हणजे रस्ते भुकेनें बांधले. आपल्याकडील पुष्कळ सडकांच्या पोटांत असा उपाशी माणसांचा घाम आहे, हें मोटारींतून जातांना आपल्या ध्यानांत येत नाहीं.

दरम्यान एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाला अनुसरून मध्य प्रांतांत १८८३ सालीं स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि जिल्हा कौन्सिलें व लोकल बोर्डें निघालीं. मोठ्या सडका सरकारी बांधकाम खात्याकडे आणि बाकीच्या वाटा या स्थानिक संस्थांकडे, अशी वांटणी रूढ झाली. तत्त्वतः ही वांटणी चांगलीच होती. गांवची वाट गांवच्या प्रतिनिधींनीं पाहावी, याहून रास्त तें काय? परंतु अधिकार दिला त्या मानानें पैसा दिला नाहीं. जमिनीच्या सारा-पट्टीवरील थोड्याशा करावर शाळा, दवाखाना, विहीर आणि रस्ता या चौघांनाहि पोसावयाचें. घरांत एक भाकरी आणि जेवणारे चार, मग ज्याचा आवाज सर्वांत लहान तो उपाशी राहतो. खेड्याच्या वाटेला आवाज नव्हता.

सरकारनें खाजगी भांडवलाकडूनहि मार्ग बांधवून पाहिला. पुलगांव ते आर्वी ही सुमारें ३५ किलोमीटरांची अरुंद रुळांची आगगाडी १९१७ सालीं सुरू झाली. आर्वी तालुक्याचा कापूस मोठ्या लोहमार्गापर्यंत आणणें हा तिचा हेतु. किलिक-निक्सन या मुंबईच्या पेढीनें काढलेल्या कंपनीची ती मालमत्ता. विदर्भांतली प्रसिद्ध 'शकुंतला' ही तिचीच बहीण. कापसाच्या हंगामांत ती गांठोडीं ओढी आणि एरवीं माणसें. सावकाश चालणारी, परंतु गरिबाच्या खिशाला परवडणारी. पुढें सडक आणि मोटार तिच्या शेजारूनच धांवूं लागल्या आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ती थांबली. या गाडीनें एक धडा ठेवला आहे. मार्ग काढणाराचा हेतु संपला कीं मार्ग आटतो. त्या मार्गावर ज्यांचें जीवन उभें राहिलेलें असतें त्यांचा हेतु मात्र संपलेला नसतो.

आतां मोटारीच्या युगाकडे येऊं. पहिल्या महायुद्धानंतर लॉऱ्या आणि मोटारी वाढल्या. जिल्हा कौन्सिलांच्या मुरमी सडका त्यांच्याखालीं उखडूं लागल्या. तेव्हां १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष होते आपले मुकुंदराव जयकर. या समितीनें १९२८ सालीं सांगितलें कीं, रस्ते ही आतां केवळ जिल्ह्याची बाब राहिलेली नाहीं. ती राष्ट्राची बाब झालेली आहे, आणि स्थानिक संस्थांच्या ताकदीबाहेरची आहे. उपाय त्यांनीं साधा सुचविला : जो मोटार चालवितो तो पेट्रोल जाळतो, तेव्हां पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो पैसा रस्त्यांवरच खर्च करावा. त्याप्रमाणें १९२९ च्या मार्चपासून पेट्रोलवर दर गॅलनमागें दोन आणे जादा घेऊन केंद्रीय रस्ता-निधि उभारण्यांत आला. शहरच्या मोटारीनें खेड्याच्या वाटेसाठीं पैसा द्यावा, हें नातें तेथें प्रथम जुळलें. तें पुढें कसें वाढलें तें पाहूंच.

पण त्याआधीं वर्ध्यासच उपस्थित झालेला एक वेगळा प्रश्न सांगितला पाहिजे. १९३४ सालीं गांधीजी वर्ध्यास आले. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडी हें त्याचें ठाणें झालें. ३० एप्रिल १९३६ रोजीं गांधीजी वर्ध्याहून पांच मैल पायीं चालत शेगांवला राहावयास गेले. तेंच पुढें १९४० सालीं सेवाग्राम झालें. साऱ्या देशाचें राजकारण ज्या झोंपडीकडे चालत येऊं लागलें, ती झोंपडी एका खेड्याच्या वाटेच्या टोंकाला होती, हा योगायोग नव्हता. मगनवाडींत ग्रामोद्योगांची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनीं बैलगाडीचा कैवार घेतला होता. इंजिनियरांची तक्रार अशी कीं, बंडीची लोखंडी धांव चांगली सडक कापून काढते. कैवाऱ्यांचा उलट सवाल असा कीं, सडक कोणासाठीं? गांवांत मोटारी किती आणि बंड्या किती? ज्याच्या करावर सडक झाली त्याच्याच चाकाला त्या सडकेवर गुन्हेगार ठरवावयाचें काय? सवालांत एकांगीपणा असेल. परंतु तो सवाल मोडींत निघालेला नाहीं. पुढें त्याच्याशीं आपली पुन्हां गांठ पडणार आहे.

या सवालाला सरकारी बाजूनें जें सर्वांत सुसंगत उत्तर मिळालें, तें वर्ध्यापासून दीड-दोन तासांच्या आगगाडीच्या अंतरावर, नागपुरांत. १९४३ च्या डिसेंबरांत सर्व प्रांतांचे मुख्य इंजिनियर तेथें जमले. युद्ध चालू होतें, बंगालांत माणसें अन्नावांचून मरत होतीं, आणि हे लोक पुढील वीस वर्षांच्या रस्त्यांची योजना आंखीत होते. नागपूर योजना म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिचा मोठा विशेष असा कीं, तिनें रस्त्यांची कुळी ठरविली : राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्ह्याचे मोठे रस्ते, जिल्ह्याचे इतर रस्ते आणि शेवटीं गांवरस्ते. खेड्याच्या वाटेला सरकारी कागदावर देशाच्या रस्त्यांच्या कुटुंबांत जागा मिळाली, ती अशी. आणि उद्दिष्ट काय? लागवडीच्या प्रदेशांतलें कोणतेंहि गांव मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर राहूं नये. आज हें मागणें फार माफक वाटतें. तेव्हां तें धाडसाचें होतें.

लांबीच्या बाबतींत नागपूर योजनेचें लक्ष्य मुदतीच्या आधींच, १९६१ च्या सुमारास, देशानें ओलांडलें. पण लांबी आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढलेल्या रस्त्यांत कच्चे फार होते. वर्धा जिल्ह्यापुरतें पाहिलें तर नागपूर-अमरावतीचा महामार्ग उत्तरेच्या अंगानें कारंजा-तळेगांववरून गेला, आणि नागपूर-हैदराबादचा पूर्वेच्या अंगानें जाम-हिंगणघाटवरून गेला. या दोन्ही रेघा ठळक उमटल्या. त्या दोहोंच्या मधल्या शेंकडों गांवांची रेघ मात्र तुटक राहिली.

स्वातंत्र्यानंतर या तुटक रेघेची जबाबदारी तीन वेळां हातांतून हातांत गेली. १९४८ च्या कायद्यानें मध्य प्रांत-वऱ्हाडांत प्रत्येक तहशिलीला जनपद सभा आली. १९५१ सालीं मालगुजारी संपली; गांवठाण, बाजार आणि पायवाटा यांवरील मालगुजाराची सत्ता सरकारजमा झाली. हें न्यायाचेंच झालें. पण ज्या वाटा पूर्वीं मालगुजाराच्या धाकानें मोकळ्या राहत, त्या आतां कोणाच्याच धाकांत राहिल्या नाहींत, आणि धुरे हळूहळू पांदणींत सरकूं लागले. विदर्भ महाराष्ट्रांत आल्यावर जनपद सभा गेल्या, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद व पंचायत समिति आल्या. गांवरस्ते त्यांच्याकडे सोंपविण्यांत आले.

रस्ता झाला म्हणजे गाडी हवी. १ जून १९४८ रोजीं मुंबई राज्याची पहिली सरकारी प्रवासी मोटार पुण्याहून अहमदनगरला गेली. विदर्भ तेव्हां मध्य प्रांतांत होता आणि तेथें सरकारी भांडवलाची वेगळी प्रांतिक मोटारसेवा होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ती इकडे मिळाली आणि १९६१ सालीं महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झालें. लोकांनीं त्याला एक दोन अक्षरी नांव दिलें : एस्. टी. वर्धा विभागांत वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगांव आणि तळेगांव असे पांच आगार आहेत. शहरी माणसाला एस्. टी. म्हणजे सुट्टींतला प्रवास. खेड्यांत ती दवाखाना आहे, कचेरी आहे, बाजार आहे. आणि मुख्य म्हणजे शाळा आहे. गांवांत चौथी किंवा सातवीच्या पुढें वर्ग नसतो. सकाळची गाडी चुकली कीं मुलाचा दिवस जातो, आणि गाडीच बंद झाली कीं मुलीची शाळा जाते. मुलाला सायकल मिळते, मुलीला 'आतां पुरे झालें' एवढें वाक्य मिळतें.

सरकारनें हें ओळखलें नाहीं असें नाहीं. शाळकरी मुलींना अहल्याबाई होळकरांच्या नांवानें मोफत पास मिळतो. मानवविकास कार्यक्रमाखालीं राज्याच्या मागास १२५ तालुक्यांत मुलींना शाळेंत नेण्या-आणण्यासाठीं खास गाड्या देण्यांत आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास मिळूं लागला, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत. या सवलतींचा पैसा राज्य सरकारनें महामंडळाला भरून द्यावयाचा असतो. परंतु सवलत ही गाडी येण्यावर अवलंबून. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांच्या संपानें राज्यांतल्या गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हां शहरांनीं दुसरी सोय पाहिली. खेड्यांतील पुष्कळांना दुसरी सोय नव्हतीच. कोणत्या गोष्टीची खरी गरज कोणाला आहे, हें ती बंद पडल्यावर कळतें.

आतां रस्ते बांधण्याच्या योजनांकडे वळतों. कारण येथें शहरच्या श्रोत्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो. १९७२ च्या दुष्काळांत वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हें तिचें सूत्र. त्या कामाचा पैसा आला कोठून? १९७५ सालीं नोकरदार व धंदेवाल्यांवर बसविलेल्या व्यवसायकरांतून. आपल्यापैकीं ज्यांच्या पगारांतून दरमहा ही रक्कम वजा होते, त्यांना कदाचित् हें कधीं कोणी सांगितलें नसेल. त्या पैशांतून पुष्कळ रस्ते झाले. मात्र मजुरीचा वांटा मोठा आणि साहित्याचा लहान ठेवण्याचा नियम असल्यामुळें माती-मुरूम पडला, पण खडी आणि मोऱ्या यांना हात आंखडता राहिला. काळ्या मातींत असे रस्ते दोनतीन पावसाळ्यांत जमिनीच्या पोटांत गेले. भुकेनें बांधलेल्या रस्त्याची जुनी कथा पुन्हां घडली; या वेळीं पोटाला हक्काची मजुरी मिळाली, हा मोठा फरक.

पुढें २५ डिसेंबर २००० रोजीं पंतप्रधान ग्रामसडक योजना निघाली. सपाटीवरच्या, ५०० हून अधिक वस्तीच्या आणि बारमाही रस्ता नसलेल्या ठिकाणांना पक्की सडक द्यावयाची, आणि बांधणाऱ्या ठेकेदारानेंच पांच वर्षें ती राखावयाची, अशी तिची अट. पैसा डिझेलवरील करांतून. जयकरांच्या दोन आण्यांचा हा नातू म्हणावयास हरकत नाहीं. या मापांत न बसणाऱ्या लहान वस्त्यांसाठीं आणि जुन्या गांवरस्त्यांच्या सुधारणेसाठीं २०१५ सालीं राज्यानें मुख्यमंत्री ग्रामसडक योजना काढली. आणि २०२१ सालीं शेताच्या वाटेसाठीं मातोश्री ग्रामसमृद्धि शेत-पाणंद रस्ते योजना निघाली. बंडीच्या वाटेनें योजनांच्या यादींत शिरावयास कापूस-कमिशनरानंतर दीडशें वर्षें घेतलीं.

योजना येवोत वा न येवोत, गांवाच्या हातीं कांहीं जुनीं साधनें आहेत, आणि तीं फार थोड्यांस माहीत असतात. गांवनकाशावर बंडीची वाट तुटक रेघांनीं दाखविलेली असते. ती रेघ हाच पहिला पुरावा. मध्य प्रांताच्या जुन्या महसूल पद्धतींतून विदर्भाला वारशानें मिळालेला 'वाजिब-उल-अर्ज' नांवाचा एक कागद आहे. पाणी, मासेमारी आणि रहदारी यांविषयींची गांवची वहिवाट त्यांत नोंदलेली असते. ज्याच्या शेताला वाट नाहीं त्याला जमीन महसूल कायद्याच्या १४३ व्या कलमानें बांधावरून वाट मागतां येते; ज्याची असलेली वाट कोणी अडविली त्याला १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यानें ती मोकळी करून मागतां येते. मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. वकील नाहीं, मोठा खर्च नाहीं, तहशीलदारापुढें अर्ज. पण हे सहा महिने बहुधा भाऊबंदकीच्या संकोचांत निघून जातात. ज्यानें वाट अडविली तो चुलता असतो, आणि त्याच्यावर अर्ज कसा करावा म्हणून पुतण्या आपला कापूस डोक्यावरून वाहतो.

आणि आतां तो जुना सवाल. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग खुला झाला. जून २०२५ मध्यें तो मुंबईच्या दारापर्यंत, ७०१ किलोमीटर, पुरा झाला. वर्धा जिल्ह्यांतून तो जातो. येळाकेळी आणि विरूळ येथें त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. त्यानें मुंबई जवळ आली यांत संशय नाहीं. पण या मार्गावर बैलबंडीला मज्जाव आहे, दुचाकीला मज्जाव आहे. वेगाच्या दृष्टीनें हा नियम योग्यच आहे. ताशीं शंभरांवर धांवणाऱ्या मोटारींपुढें बंडी उभी करणें हा खून होईल. तरी पण मगनवाडीचा प्रश्न ऐकूं येतोच : सडक कोणासाठीं? त्याचें आजचें उत्तर असें द्यावें लागेल कीं, सडक सर्वांसाठीं, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट झाली तरच. त्याच सुमारास, २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं, वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या लोहमार्गाचा वर्धा ते कळंब हा भाग सुरू झाला. या मार्गाच्या खर्चाचा ४० टक्के वांटा राज्यानें उचलण्याचें ठरलें होतें. म्हणजे हमरस्त्यांना आतां पैसा कमी नाहीं.

श्रोतेहो, हमरस्त्याशीं माझें भांडण नाहीं. कापसाची आगगाडी आली नसती तर वर्धा शहर आजचें दिसलें नसतें, आणि कोळशाची आगगाडी आली नसती तर हिंगणघाट कोपऱ्यांत पडलें असतें. सरकारच्या हेतूंतून गांवाचें पुष्कळ कल्याण झालें आहे. परंतु प्रत्येक वेळीं तें वाटेंत सांपडलेल्या गांवाचें झालें. पांदणीचें कल्याण वाटेंत सांपडून होत नाहीं. तें कोणीतरी मुद्दाम मनांत धरावें लागतें, ग्रामसभेंत मांडावें लागतें, नकाशावर बोट ठेवून मागावें लागतें.

आणि यांत आपणां शहरवासीयांचा कांहींच भाग नाहीं, असें समजूं नका. पेट्रोल, डिझेल आणि पगार या तिन्हींतून आपण खेड्याच्या वाटेसाठीं पैसे मोजीत आलों आहों. ज्यानें पैसा दिला त्यानें हिशेब विचारावा, एवढें तर आपण आपल्या किराणा-दुकानदारालाहि सोडीत नाहीं. पुढल्या खेपेस आपण गांवीं जाल, पोळ्याला जा, लग्नाला जा, तेव्हां सडकेवर मोटार उभी करून थोडें आंत चाला. सरकारी योजनेच्या रस्त्यावर कामाची रक्कम, लांबी आणि राखण्याची मुदत लिहिलेला फलक असतो, तो वाचा. फलक नसेल आणि नुसता चिखलच असेल, तर तलाठ्याकडे गांवनकाशा मागा आणि ती तुटक रेघ आपल्या घरच्या माणसांना दाखवा. ती रेघ तेथें आहे, याची पुष्कळ गांवांना आठवणहि राहिलेली नाहीं. मागणी तेथून सुरू होते.